कुडाळात लॅपटॉपचा कीबोर्ड बदलला आणि पाइपचं चिन्ह | गायब झाला

आधीच सांगतो, दुकानाचं नाव लिहित नाहीये. कुडाळ लहान गाव आहे, परत तिथेच जायचंय, आणि दुकानवाल्या काकांशी माझं भांडण नाही. ज्याला ओळखायचंय तो ओळखेल. मी देतोय पाचात साडेतीन. अर्धा कुठे कापला आणि एक कुठे कापला ते खाली येईलच.

मी राहतो मालवणात. काम पुण्याच्या ऑफिसचं, घरी बसून, दिवसभर काळ्या स्क्रीनवर दुसऱ्यांच्या सर्व्हरमध्ये शिरून काय बिघडलं ते बघायचं. बाजूला आईचं होमस्टे आहे, दोन खोल्या, त्याचं बुकिंग आणि रेटचे मेसेज पण याच लॅपटॉपवर. लॅपटॉप म्हणजे रिफर्बिश्ड, इंग्लंडच्या कुठल्यातरी ऑफिसातनं निघालेला जुना माल, पुण्यात स्वस्तात मिळाला होता. कीबोर्डही त्यांचाच, एंटर उभा मोठा, ३ च्या डोक्यावर पाउंडचं चिन्ह £, २ च्या डोक्यावर अवतरण. विंडोजच्या जागी डेबियन, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार, टाकताना मी शहाण्यासारखा ब्रिटिश लेआउटच निवडला, म्हणजे जे छापलंय तेच उमटेल. तीन वर्षं छान चाललं, नंतर तर मी विसरूनच गेलो की असं काही निवडलं होतं. हे लक्षात ठेवा, पुढची सगळी भानगड इथूनच आहे.

समुद्राकाठी ज्यांचं घर आहे त्यांना खाऱ्या हवेबद्दल सांगायची गरज नाही. फ्रीजची मागची जाळी, पंख्याचे नट, गेटची बिजागरी, सगळ्याला गंज, मग कीबोर्डला कोण सोडतंय. जूनअखेरीला ई आणि आर दोन-दोनदा दाबायला लागायचे, मग जुलैत स्पेसबार अडकला, मग एक दिवस मुंग्यांची रांग थेट एफ५ खालून बाहेर आली आणि आई म्हणाली आता हे टेबलावरनं उचल. उचललं.

मालवणात दोघांना विचारलं, दोघे म्हणाले पार्ट मागवायला लागेल, कधी येईल सांगता येत नाही. मग एसटीने कुडाळ. पावसात तास-सव्वा तास धरून चाला, खिडकीची काच बंद होत नसेल तर एक बाजू भिजूनच उतरायचं.

दुकान तसं चांगलं आहे हो. छोटंसं, पण काउंटरवर बसायला स्टूल आहे, तुमच्यासमोर उघडून दाखवतात, आणि कुठला स्क्रू कुठला हे चुकू नये म्हणून आइसक्रीमच्या रिकाम्या डब्यांच्या झाकणात वेगवेगळे ठेवतात. मला हे फार आवडलं. पोरगा कामाला आहे, विशीतला, हात चांगला. त्याने पाच मिनिटांत सांगितलं की मेम्ब्रेन, म्हणजे कीखालचा पातळ पडदा, गेलंय, अख्खा कीबोर्डच बदलायला लागेल, १८५० पार्ट आणि ३०० मजुरी, ब्रिटिशवाला मिळणार नाही, इंडियात मिळतो तो बसेल. मी म्हटलं बसव. चूक माझीपण, तेव्हाच डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. त्याने पासवर्ड विचारला. मी सांगितला. त्याने तो मास्किंग टेपवर पेनाने लिहून लॅपटॉपच्या झाकणाला चिकटवला!! माझ्या नावासकट. अर्धा स्टार इथे गेला. काउंटरवर येणारा-जाणारा कोणीही वाचेल अशा अक्षरात. मी काढायला सांगितलं तर म्हणाला दादा सगळ्यांचेच असेच असतात, बघा, आणि मागच्या रॅकवर खरंच दहा-बारा लॅपटॉप होते, सगळ्यांच्या पाठीवर पासवर्ड.

दोन दिवस म्हणाले होते, पार्ट पाचव्या दिवशी आला. पावसात घाट बंद होता म्हणाले, असेल. फोन आला, "दादा कीबोर्ड बसवलो, पण पासवर्ड चुकीचो हा." मी म्हटलं बरोबर आहे, टेपवर वाच. तो म्हणे वाचूनच टाकतोय. वीस मिनिटांनी परत फोन. त्याने बाहेरनं यूएसबीचा कीबोर्ड लावून बघितला, तरी पासवर्ड घेईना, म्हणजे कीबोर्डचा प्रश्न नाही, मदरबोर्ड गेलाय, साडेसहा हजार लागतील.

साडेसहा हजार! सकाळपर्यंत चालू असलेल्या मशीनचा मदरबोर्ड कीबोर्ड बदलताना कसा जातो. मी दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने कुडाळात.

आता थोडं समजून घ्या, कारण हे कोणाबरोबरही होऊ शकतं. माझा लॅपटॉप चालू झाला की चित्रबित्र येत नाही, काळी स्क्रीन आणि लॉगिन विचारतो, डेस्कटॉप लागला तर मी हाताने स्टार्टएक्स टाइप करतो. पासवर्ड टाकताना तिथे ठिपकेसुद्धा दिसत नाहीत. त्यामुळे बोट काय दाबतंय आणि मशीनला काय पोचतंय यात फरक पडला तर कळायला मार्गच नाही, नुसतं लॉगिन इनकरेक्ट. तो पोरगा बिचारा दहा वेळा बरोबरच पासवर्ड टाकत होता.

काका आले साडेअकराला, छत्री झटकत. पन्नाशीचे असतील, पूर्वी इथेच सायबर कॅफे चालवायचे. पोराने मदरबोर्डचं पुराण लावलं, ते ऐकतच नव्हते, नुसते माझ्या स्क्रीनकडे बघत होते. मग म्हणाले, "पासवर्ड टाकू नको रे. नावाच्या जागेर टाईप कर, काय दिसता ता बघ."

हे इतकं साधं आहे की मला स्वतःची लाज वाटली. लॉगिनच्या समोर जिथे युजरचं नाव टाकायचं तिथे अक्षरं दिसतात की! काकांनी शिफ्ट धरून १ पासून ० पर्यंत ओळ दाबत नेली. एकावर उद्गारचिन्ह बरोबर, दोनावर @ यायला पाहिजे तिथे " आलं, तीनावर # यायला पाहिजे तिथे £. पाउंड दिसल्याबरोबर काका हसले. "कीबोर्डाक काय झालेला नाय. ह्या सेटिंग विलायतेचा आसा."

झालं. कीबोर्ड अमेरिकन पद्धतीचा, आपल्याकडे सगळे तसेच येतात, आणि आत डेबियन अजून समजतंय की ब्रिटिशच आहे. कीबोर्डमधनं मशीनला अक्षर जात नाहीच मुळात, जातो एक नंबर. अमुक नंबरची की दाबली, एवढंच. त्या नंबरला कुठलं अक्षर म्हणायचं ते आतलं लेआउट ठरवतं, कीवर काय छापलंय ते मशीनला कधीच कळत नाही. म्हणून बाहेरचा यूएसबी कीबोर्ड लावूनही तेच झालं, कारण तोही अमेरिकनच. खरं तर दोन वेगवेगळे कीबोर्ड एकच चूक करतायत हाच पुरावा होता की दोष कीबोर्डात नाही, पण म्हणून थेट मदरबोर्ड? एक स्टार गेला तो ह्यासाठी. पोराच्या हातात काम आहे, डोक्यात फक्त पार्ट आहेत. काका त्या दिवशी लग्नाला गेले असते तर माझे साडेसहा हजार गेले होते आणि मदरबोर्ड बदलूनही पासवर्ड चाललाच नसता, कारण सेटिंग हार्डडिस्कवर.

माझ्या पासवर्डमध्ये @ आणि # दोन्ही. ब्रिटिश लेआउटमध्ये @ हा एंटरच्या अलीकडच्या कीवर शिफ्ट दाबून येतो, जिथे अमेरिकन कीबोर्डवर अवतरण छापलंय. आणि # येतो एंटरच्या वरच्या कीवर, जिथे उलटी तिरकी रेघ छापलीय. काकांनी बघून ठेवलं, मला म्हणाले टाक असाच, मी टाकला, आत गेलो.

पण उलटी तिरकी रेघ आणि पाइप, म्हणजे ती उभी रेघ |, ह्या दोन गोष्टी कुठेच सापडेनात. सगळ्या की दाबून झाल्या. हे घरी येऊन नीट बघितलं तेव्हा उलगडलं, शोकी नावाची कमांड आहे, काळ्या स्क्रीनवर रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला युजर, होऊन चालवायची, मग जी की दाबाल तिचा नंबर दाखवते, आणि शेवटची की दाबल्यावर दहा सेकंदांनी आपोआप बंद होते. एंटरच्या वरची की ४३ नंबर दाखवते. ब्रिटिश कीबोर्डवर पाइप असतो ८६ नंबरवर, डाव्या शिफ्टच्या शेजारी एक जादा की असते तिच्यावर. अमेरिकन कीबोर्डवर ती कीच नाही, शिफ्टच लांब आहे. म्हणजे नुसती की किंवा शिफ्ट दाबून माझ्या कीबोर्डवरनं पाइप उमटणं शक्यच नव्हतं, घर होतं पण दरवाजाच बुजवलेला. आणि एका कमांडचं उत्तर दुसरीला पोचवणाऱ्या पाइपशिवाय माझं काम म्हणजे कोकमाशिवाय आमटी. की खराब आहे का सेटिंग, हे ठरवायला शोकीसारखं दुसरं काही नाही. नंबर आला म्हणजे की जिवंत, अक्षर चुकीचं म्हणजे लेआउट. नंबरच आला नाही तर मग खुशाल स्क्रू खोला.

काकांनी स्टार्टएक्स करून टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडलं, सेटएक्सकेबीमॅप यूएस अशी एक ओळ मारली, आणि पाइप आला, @ आला, सगळं जागेवर. दहा मिनिटांचं काम, त्याचे पैसे घेतले नाहीत. मी खूश, शेजारच्या खानावळीत सुरमई थाळी, वर दोन वाट्या सोलकढी, आणि तीनची गाडी.

घरी पोचलो तर लाइट नव्हती. मालवणात पावसात लाइट जाणं म्हणजे बातमी नाही. लॅपटॉपची बॅटरी म्हातारी, अर्ध्या तासात मान टाकली. रात्री लाइट आली, चालू केला, पासवर्ड टाकला, लॉगिन इनकरेक्ट.

काय झालं होतं, तर सेटएक्सकेबीमॅप हे तात्पुरतं असतं. फक्त चालू असलेल्या डेस्कटॉपपुरतं. डेस्कटॉप बंद की ते पण गेलं. आणि मुळात काळ्या स्क्रीनला, कंट्रोल-आल्ट-एफ३ दाबल्यावर जी येते ती, तिला ह्याचा पत्ताच नसतो, ती वेगळी दुनिया. काकांनी दुकानातच एकदा रीस्टार्ट करून बघायला हवं होतं. मी पण सांगू शकलो असतो, पण सुरमई डोळ्यासमोर होती. ह्याचा स्टार कापत नाही, त्यांनी रोग बरोबर ओळखला, औषध अर्धं दिलं एवढंच.

कायमचं करायचं असेल तर डेबियन, उबंटूवर असं आहे. रूटचे अधिकार मिळवायला आधी सुडो लावून डीपीकेजी-रिकॉन्फिगर कीबोर्ड-कॉन्फिगरेशन. नशिबाने ह्यात आडवी रेघच लागते, ती दोन्ही लेआउटमध्ये एकाच जागी आहे, नाहीतर वैद्याकडे जायला वैद्याचीच परवानगी. मग निळ्या पडद्यावर करड्या चौकटीत प्रश्न येतात, माउस नाही, बाणांनी खाली-वर आणि टॅबने ओकेवर. पहिला प्रश्न मॉडेल, तिथे जेनेरिक १०५ की असेल तर राहू दे, त्याने काही बिघडत नाही, मी उगाच १०४ करत बसलो. दुसरा देश आणि लेआउट, खरा प्रश्न हाच, तिथे इंग्लिश यूएस. मग आल्टजीआर कुठली, कंपोझ की हवी का, कंट्रोल-आल्ट-बॅकस्पेसने डेस्कटॉप बंद व्हावा का, ह्या सगळ्याला डिफॉल्ट म्हणून पुढे. झालं की सुडो सेटअपकॉन, की काळ्या स्क्रीनवर लगेच लागू. हे सगळं जाऊन पडतं /ईटीसी/डिफॉल्ट/कीबोर्ड ह्या एका फाइलमध्ये, चार-पाच ओळींची फाइल आहे, उघडून बघा, माझ्यात लेआउटपुढे जीबी, म्हणजे ग्रेट ब्रिटन, होतं त्याचं यूएस झालं. काळी स्क्रीन आणि डेस्कटॉप दोघेही हीच फाइल वाचतात. आणि मग रीस्टार्ट करून बघायचं, ह्यावेळी मी तीनदा केलं.

त्याच फाइलमध्ये ऑप्शनची ओळ आहे, तिथे मी कॅप्स लॉकला कंट्रोल करून टाकलं. कॅप्स लॉक मराठी माणसाला तसाही कशाला लागतो. की दाबून धरल्यावर अक्षर किती वेगाने रिपीट व्हावं ह्यासाठी केबीडीरेट आहे, काळ्या स्क्रीनवर मी ३० आणि २५० ठेवलंय, म्हणजे पाव सेकंद थांबून मग सेकंदाला ३० अक्षरं, सरसर कर्सर पळतो. ज्यांचा कीबोर्ड पावसात अडकतो त्यांनी मात्र हे करू नका, एक ई अडकला की पानभर ई.

आता मराठी. काळ्या स्क्रीनवर मराठीचा नाद सोडा. तिथल्या फॉन्टमध्ये जास्तीत जास्त ५१२ आकृत्या मावतात आणि जोडाक्षरं जुळवायची सोय नाही, चौकोन दिसतात. मराठी डेस्कटॉपवरच. मी माझ्या स्टार्टअपच्या फाइलमध्ये यूएसच्या जोडीला इंडियन, त्यात मराठी एन्हान्स्ड इन्स्क्रिप्ट, आणि आल्ट-शिफ्टने बदली, अशी ओळ घातलीय. इन्स्क्रिप्ट हे सरकारने १९८६ साली ठरवलेलं, सगळ्या भारतीय लिप्यांना एकच साचा, डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजनं. आठवडाभर शिव्या घालाल, मग बोटं आपोआप जातात.

आणि मराठीसाठी हे का हवं ते सांगतो. आईच्या होमस्टेचा मेसेज, "किनाऱ्यावरची खोली". फोनवरनं कोणीतरी टाइप करून पाठवलं होतं "किनार्यावरची", त्या य च्या डोक्यावर रफार, म्हणजे सूर्यासारखा किनार्या! आई म्हणाली हे काय लिहिलंय. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून इंग्रजी J ची की दाबली की ऱ येतो, खाली टिंबवाला, मग D म्हणजे हलन्त, मग य. ऱ्या. तेवढाच फरक. सुऱ्या, दऱ्या, वाऱ्यावर, कोकणात राहून हे अक्षर रोज लागतं.

एक गंमत मात्र होते. आल्ट-शिफ्ट विसरलं आणि टर्मिनलात कमांड टाइप केली, की फाइलींची यादी मागणाऱ्या एलएसचं "ते" होतं. ते: कमांड नॉट फाउंड. जणू मशीन विचारतंय कोण ते? आणि मदतीचं पान उघडायची जी मॅन कमांड, तिची तीन अक्षरं इन्स्क्रिप्टमध्ये दाबली की उमटतं "सोल", म्हणजे आमचं सुकवलेलं कोकम. शपथ. करून बघा. आईला दाखवलं, ती म्हणाली बरोबर आहे, अडचण आली की आधी सोलच भिजत घालायचं.

दुकानात परत एकदा जाऊन आलो, जुना कीबोर्ड आणायला, कारण तो त्यांनी मागितल्याशिवाय दिला नव्हता. काकांना रीस्टार्टचं सांगितलं, त्यांनी पोराला हाक मारून वहीत कमांड लिहून घ्यायला लावली, पोराने मुकाट्याने लिहिली. माझ्या झाकणावरची टेप मी घरीच काढली होती, पण तिचा गोंद अजून आहे, बोटाला चिकटतो. पासवर्ड अर्थात बदलला, नव्यात @ नाही, # नाही, कुठल्याही देशाच्या कीबोर्डवर एकाच जागी राहतील अशीच अक्षरं.

जाणाऱ्यांसाठी. देवनागरी स्टिकर तिथे मिळतात पण इन्स्क्रिप्टवाल्यांनी घेऊ नका, ते रेमिंग्टनचे, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या पद्धतीचे, आहेत, टायपिंग क्लासच्या मुलांसाठी, तुमच्या क च्या जागी भलतंच छापलेलं असेल, आणि आमच्याकडच्या दमट हवेत महिन्याभरात कडा सुटून बोटाला चिकटतात. दुकानाला जाताना फोन करून काका आहेत का विचारा, नसतील तर हार्डवेअरचंच काम असेल तर जा. पासवर्ड देण्याआधी तात्पुरता दुसरा लावून ठेवा. आणि चार्जर घेऊन जा, त्यांच्याकडे जुन्या पिनचा नाही, पहिल्या दिवशी माझा पाऊण तास त्यातच गेला.